पानातला घरजावई

रामभाऊ गेल्याचं मला शेवगावच्या एसटी स्टँडवर कळलं. मी चार जणांना हसवत उभा होतो, किस्सा ऐन रंगात आला होता... आणि ओळखीच्या कंडक्टरनं सांगितलं. त्या किश्श्यात पुढे काय होतं, ते मला अजून आठवत नाही.

आमच्या हायस्कुलात रामभाऊ शास्त्र शिकवायचा, मी मराठी. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या रद्दीत त्याला एक परदेशी मासिक सापडलं. पानाच्या पेशीतले हिरवे कण कोणे एके काळी स्वतंत्र जीव होते, मोठ्या पेशीनं ते गिळले पण पचवले नाहीत, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं त्यात होतं. ते आतच राहिले, त्या घरासाठी अन्न करू लागले आणि बाहेर जगायचं विसरले. "म्हणजे तुझ्यासारखा घरजावई की रे," मी म्हणालो. सासुरवाडीतच बिऱ्हाड थाटलेला रामभाऊ इतका हसला, की चहा धोतरावर सांडला. दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात तेच सांगितलं.

शांता नावाच्या हुशार मुलीनं ते अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या, बोर्डाच्या पेपरात लिहिलं : हरितकण हे पेशीचे घरजावई होत. शास्त्रात ती थोडक्या गुणांनी नापास झाली आणि घरच्यांनी स्थळ बघितलं. तिला ऑक्टोबरात परत बसू द्या, असं विनवायला आम्ही दोघं गेलो. वाटेत मी भाषण पाठ केलं होतं.

तिच्या वडिलांनी आधी पाणी दिलं. मग विचारलं, "सर, तुमी सांगितलं त्येच पोरीनं लिव्हलं. ते खरं हाय का न्हाई?"

मी रामभाऊला कोपरानं ढोसलं. 'खरं आहे', एवढंच म्हणायचं होतं.

"खरं असावं," रामभाऊ म्हणाला. "अजून ठरलेलं नाही."

"म्हंजी तुमालाच ठावं न्हाई. मंग तिला परत कशापायी बसवायची?"

पाठ केलेलं भाषण सोडून मी पाण्याचा पेला पुन्हा उचलला. आतून शांता म्हणाली, "आबा, सरांना च्या टाकू का?"

तिचं लग्न झालं. रामभाऊनं ती उपमा पुन्हा कधी काढली नाही. मी मात्र ती दोन पंगतींत सांगून टाळ्या घेतल्या.

परवा वहिनींकडे गेलो. खिडकीशी त्याचा सूक्ष्मदर्शक तसाच, काचपट्टीवर पानाचा तुकडा. "भाऊजी, शेवटच्या आजारात एकच विचारायचे, माझं चुकलं का गं," वहिनी म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं... तुम्ही तरी बघून सांगा."

मी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. हिरवे कण काही दिसेनात; आत माझ्याच पापण्या हलत होत्या.