चांदोदला नेलेली हाडं

मुंबईच्या मेडिकल कॉलेजात मला जागा मिळाली, त्या उन्हाळ्यात आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात हाडं आली. आमच्याच गावच्या फतेगंजात राहणारा एक विद्यार्थी त्या कॉलेजात माझ्या पुढच्या वर्गात होता. तो म्हणाला, पहिली परीक्षा माणसाला हाडांवरच आपटते, आतापासून तोंडपाठ कर. आणि आपलं एक पोतं त्याने माझ्या सायकलला बांधून दिलं. पोत्यात कवटी नव्हती, एक पाय नव्हता, बाकी माणूस जवळजवळ पुरा होता. कलकत्त्याहून अशी हाडं विकायला येतात, एवढंच त्यालाही ठाऊक होतं.

बाबा सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी हो म्हटलं, पण आईने अटी घातल्या. पोतं मागच्या खोलीत राहील, आणि हाडांना हात लावला की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. बडोद्याच्या उन्हाळ्यात याला शिक्षा म्हणता येणार नाही, तरी मी कुरकुरत असे. कुरकुरणं हा माझा जन्मजात गुण. दुसऱ्यांदा आंघोळीला गेलो की शेजारचे गुजराती काका भिंतीपलीकडून विचारत, "केम डॉक्टर, फरी न्हाया?"

थोरल्या भावाबद्दल इथेच सांगायला हवं. लढाईच्या काळात तो फौजेच्या इस्पितळात नोकरीला लागून बसऱ्याला गेला आणि तिकडेच तापाने गेला. तार आली, बाकी काही आलं नाही. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजींच्या सांगण्यावरून बाबांनी तसं केलं. आईने ते मानलं नाही. पानं जाळली म्हणजे माझा मुलगा मेला का, असं तिने बाबांना विचारलं. पितृपक्षात ती त्याचं पान वाढू देत नसे. कुणी त्याचं नाव काढलं की उठून जाई, म्हणून हळूहळू आम्ही नाव घेणंच सोडलं. घरात एक माणूस धड मेलेला नाही, धड जिवंत नाही, आणि त्याच्याभोवती आम्ही सगळे जपून वागायचो. मला तिचा राग यायचा. मलाही रडायचं होतं, पण आईच्या देखत तीही सोय नव्हती.

दुपारी मी हाडांची इंग्रजी नावं मोठ्याने घोकत बसे. काही दिवसांनी आई तांदूळ निवडायला त्या खोलीच्या दाराशी येऊन बसू लागली. उंबरठ्याच्या आत मात्र येत नसे. एकदा सुपातून नजर न काढता तिने विचारलं, "मोडलेलं हाड जुळलं, तर खूण राहते का रे?"

मला कोण आनंद झाला. पुस्तकातलं जे जे ठाऊक होतं ते सगळं मी तिला ऐकवलं. मोडल्या जागी नवं हाड धरतं, गाठ होते. लहानपणी मोडलं तर ती बरीचशी विरते, पण हाड फार वाकडं बसलं तर तो बाक बहुधा जन्मभर राहतो.

"यातला डावा हात कुठला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दादा लहानपणी चिंचेवरून पडला होता, आणि हाडवैद्याने त्याचा डावा हात वाकडाच बसवला होता. आई सूप बाजूला ठेवून आत आली आणि जमिनीवर बसली. कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं मी तिच्या हातात दिली. पदराने पुसून ती त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. बसऱ्याचा माणूस कलकत्त्याच्या पोत्यात कसा येईल, हे तिला सांगायचं सोडून मी तिच्या बोटाकडे पाहत राहिलो. हाडं सरळ होती.

"हा तो नव्हे," ती म्हणाली. मग हाडं मांडीवर ठेवून, "पण कुणाचा तरी असेलच ना."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की ही हाडं चांदोदला नेऊन नर्मदेत सोडायची. मी भडकलो. परक्याची वस्तू, माझा अभ्यास, काय काय बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ट्रंकेतून कोरं धोतर काढून त्यात एकेक हाड ठेवायला लागली. शेवटी मीच तोंड पाडून फतेगंजला गेलो. तो विद्यार्थी म्हणाला, घेऊन जा, माझी आईसुद्धा ती विश्वामित्री नदीत टाक म्हणून माझ्या मागे लागली होती.

बाबा यायला निघाले होते. तुम्ही तुमचं केलंत, असं म्हणून तिने त्यांना थांबवलं. डभोईवरून छोट्या गाडीने आम्ही दोघंच गेलो. गाठोडं सगळी वाट तिच्या मांडीवर होतं.

घाटावरच्या भटजींनी नाव आणि गोत्र विचारलं. नाव ठाऊक नाही, असं आईने सांगितलं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, तेच त्यांनी लावलं. मी गुडघाभर पाण्यात उतरून गाठोडं सोडलं. ज्यांची नावं पाठ केली होती ती हाडं माझ्या हातातून निसटत गेली, आणि त्यातल्या एकाचंही नाव मला त्या घटकेला आठवलं नाही. मी तिलांजली दिली.

वर येऊ लागलो तर आईने मला हाताने थांबवलं. ती भटजींना म्हणाली, "याचं कुणी नव्हतं, ते आपण केलं. तिकडे माझ्या मुलाचंही कुणी केलं असेल, असं धरून चालते." मग तिने आमचं गोत्र नीट सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आता दादाचं दे. नाव घेऊन दे."

भटजींनी माझ्या ओंजळीत पुन्हा तीळ घातले. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही न घेतलेलं ते नाव मी घ्यायला गेलो आणि मला ते घेता येईना. आई पाण्यात उतरली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनेच ते मोठ्याने घेतलं.