विहिणीशी बोलण्यापुरतं जपानी

माळ्यावर जुनी डबडी साठतात तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि टाकवतही नाहीत. दोन हजार सहा-सातच्या सुमाराला आम्ही चौघांनी जपानमधल्या एका युनिव्हर्सिटीचा अ‍ॅडव्हान्स्ड जपानीचा ऑनलाइन कोर्स केला. त्यातलं माझं निम्मं जपानी आता गंजलंय. किस्से मात्र टकाटक आहेत! परवा वसईकडे, बोळिंजला आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवात एक सांगायला घेतला, तर बायका वाण विसरून बसल्या.

चौघं म्हणजे कोण ते आधी सांगते. मी शुभा, एका कंपनीत मशीनची जपानी मॅन्युअलं मराठी-इंग्रजीत आणायचं काम करायचे. मंदार कॉम्प्युटर इंजिनीअर, जपानला जायला टपलेला. हरीभाऊ निर्मळचे, केळी आणि मोगऱ्याची वाडी. आणि फिलोमिना मिस. पापडीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या. गावात ब्रॉडबँड पहिल्यांदा त्यांच्याकडे आलं, म्हणून दर शनिवारी साडेअकराला त्यांच्या पुढच्या खोलीत एका वेबकॅमसमोर चार खुर्च्या लागायच्या.

आम्हा तिघांची कारणं किरकोळ होती. मिसचं कारण खरं होतं. त्यांचा एकुलता एक नेल्सन जपानमध्ये नोकरीला होता आणि मिहो नावाच्या मुलीशी त्याचं जमलं होतं. पण मिहोही एकुलती एक. वडिलांनी तोंडाने 'हो' म्हटल्याशिवाय ती लग्नाला उभी राहणार नव्हती, आणि तिचे आई-वडील डिसेंबरमध्ये पापडीला येऊन घर, माणसं बघणार होते. नेल्सन म्हणाला, "आई, तू मराठीत बोल, मी सांगतो त्यांना." मिस म्हणाल्या, "विहिणीशी मी मुलाच्या तोंडून बोलू? हा मुलगा दहावीपर्यंत माझ्या निरोपात स्वतःची वाक्यं घुसडत आलाय!"

*

पहिला तास. मोरी सेन्सेई, म्हणजे आमचे तिकडचे गुरुजी, सगळ्यांना आपापली ओळख करून द्या म्हणाले. सात देशांची मुलं स्क्रीनवर. सगळे इस्त्री केल्यासारखं बोलत होते.

हरीभाऊंची पाळी आली. त्यांनी तरुणपणी पाच वर्षं एका जपानी मालवाहू जहाजावर काढली होती. आमच्यापेक्षा फाडफाड जपानी त्यांना येत होतं. मोजून दोन वाक्यं बोलले. मंदार खोकायला लागला. सेन्सेईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हरी-सान, आपण जपानी कुठे शिकलात?"

"इंजिन रूममध्ये."

"ते जाणवतं," सेन्सेई म्हणाले, आणि पुढच्या मुलीकडे वळले.

तास संपल्यावर मिसनी हरीभाऊंना फैलावर घेतलं. "माझ्या पाहुण्यांसमोर यातलं एक अक्षर काढलंत ना, तर तुमच्याच वाडीत केळीच्या घडाशेजारी टांगीन!"

"बाई, यापेक्षा सभ्य मला येत नाही म्हणून तर फी भरली," हरीभाऊ म्हणाले.

*

आता घंटेचा किस्सा. बाराला चर्चची घंटा झाली की मिस जिथे असतील तिथे उभ्या राहून प्रार्थना म्हणायच्या. त्या उभ्या राहिल्यावर आपण बसून कसं राहायचं? म्हणून आम्ही तिघंही उठलो. हरीभाऊंचा गुडघा टेबलाला लागला आणि कॅमेरा गदागदा हलला.

सेन्सेईंना काय दिसलं असेल? चार माणसं एकदम खुर्च्या सोडून उठताहेत, सगळी खोली हलतेय! जपानी माणूस तो. "भूकंप!" म्हणून ओरडला आणि स्वतःच टेबलाखाली गेला. त्याचं बघून व्हिएतनामचा मुलगाही गेला.

मग मंदारने खुलासा केला. सेन्सेई इतके शरमले की पुढच्या शनिवारी आपल्याकडे बाराच्या ठोक्याला ते स्वतः उठून उभे, आणि त्यांच्यामागोमाग सगळा वर्ग. पोलंड, ब्राझील, सगळे! मिस प्रार्थना म्हणताहेत आणि सात देश मान खाली घालून उभे आहेत. वर्षभर हे चाललं. एका शनिवारी घंटा वाजवणाऱ्याला जरा उशीर झाला, तर संध्याकाळी सेन्सेईंची मेल आली, "आज घंटा तीन मिनिटं उशिरा झाली. गावात सर्व कुशल ना?"

*

तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग जोरात होतं. ऐन तासात लाइट जायची आणि आम्ही स्क्रीनवरून गडप. सेन्सेईंनी कारण लेखी मागितलं. मंदारने डिक्शनरी घेऊन पानभर लिहिलं: वीज कमी आहे, म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वेळी आमच्या भागाची बंद करतात आणि दुसऱ्यांना देतात.

पुढच्या तासाला सेन्सेईंनी ते पान सगळ्यांना वाचून दाखवलं. आवाज कापरा. "या गावातले लोक दुसऱ्यांना उजेड मिळावा म्हणून स्वतः अंधारात बसतात," वगैरे. पोलंडच्या मुलीने डोळे पुसले आणि विचारलं, "आम्हालाही असं काही करता येईल का?"

"म्हणावं, इकडे राहायला ये," हरीभाऊ मराठीत पुटपुटले, "आपोआप येईल करता."

*

निबंधाचा एक छोटासा आहे. विषय होता 'माझा एकांत'. सहाशे अक्षरं. मी जुळवून जुळवून लिहिला, अगदी संध्याकाळ, खिडकी, सगळं घातलं त्यात. हरीभाऊंनी दोन ओळी पाठवल्या: "माझ्या घरात अकरा माणसं आहेत. एकांत मिळाला की कळवतो."

त्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले! मला अजून राग आहे.

*

मिसचं खरं पाणी दिसलं ते माफीच्या तासाला. धड्याचा विषयच होता, गिऱ्हाइकाची माफी कशी मागावी. सेन्सेई गिऱ्हाईक झाले, मिस दुकानदार. माल दहा दिवस उशिरा पोचलाय, असं ठरलं.

"माल उशिरा मिळाला," सेन्सेई म्हणाले.

"तुम्ही ऑर्डर कधी दिलीत?" मिस.

पुस्तकात असं काही नव्हतं. सेन्सेई गडबडले. "पाच तारखेला... बहुतेक."

"बहुतेक? बहुतेक म्हणजे काय? पत्ता पूर्ण लिहिला होता? पिनकोडसकट?"

दहा मिनिटांनी सेन्सेईंनी वाकून मिसची माफी मागितली. खोटं नाही सांगत, आम्ही तिघं साक्षीला होतो. मिस म्हणाल्या, "ठीक आहे, पुढच्या वेळी लक्ष ठेवा."

मी नंतर म्हटलं, "मिस, डिसेंबरमध्ये जरा नमतं घ्या हं. मुलाच्या लग्नाचा प्रश्न आहे."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "शुभा, खरं सांगू? मला भीती वाटते गो. वर्गात चुकलं तर मार्क जातात. तिथे चुकलं तर माझा मुलगा मला दोष देणार नाही, पण आयुष्यभर हसणारही नाही." तीस वर्षं पोरांना धाक दाखवलेली बाई ही! मी चहा टाकायला आत गेले.

*

आणि मग तो डिसेंबर.

मिसनी तीन आठवडे खपून जपानी भाषण तयार केलं. सेन्सेईंनी ते चार वेळा तपासून दिलं, वर 'शुभेच्छा' लिहून. आम्हा तिघांना बोलावणं होतं. मंदार अडल्यावर शब्द पुरवायला, मी वाढायला, आणि हरीभाऊ तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

पाहुणे आले. मिहो, तिची आई, तिचे वडील आणि नेल्सन. चौघांनी ओटीवर बूट काढले, टोकं बाहेरच्या बाजूला करून ओळीत लावले आणि आत आले. वडील उंच, ताठ, पांढरे केस. आई एवढीशी, नुसती हसायची. मिसनी मटणाचं आंबट-तिखट इंड्याल केलं होतं, सोबत मैद्याचे गोल फुगे तळले होते. वडील प्रत्येक घासाला "उत्तम" म्हणत होते आणि चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. बाराला घंटा झाली, आम्ही उभे राहिलो, तेही राहिले. परत बसले. पुन्हा "उत्तम".

जेवणं झाल्यावर मिस उठल्या. कागद हातात होता, पण उघडलाच नाही. जपानीत म्हणाल्या, "माझा मुलगा आळशी आहे. कपडे जागेवर ठेवत नाही. पण माझ्याशी मोठं खोटं कधी बोलला नाही. तुमच्या मुलीला इथे यावंसं वाटलं तर ही खोली आहे. नाही वाटलं तर तिने तिकडेच राहावं, मी फोनवर बोलेन. तुमची भाषा मी त्यासाठीच शिकले."

नेल्सन मान खाली घालून बसला होता. मिहो सरळ रडत होती. हरीभाऊंनी दिलेल्या शब्दाला जागून फक्त नाक शिंकरलं.

वडिलांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग कमरेत वाकून म्हणाले, "आपले शब्द मोलाचे आहेत. घरी जाऊन नीट विचार करून कळवतो."

झालं! कळवतो! कांदेपोहे खाऊन उठताना मुलाकडचे जे म्हणतात ते. ते ऐकायला अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स कशाला हवा? माझ्या स्वतःच्या वेळी मी ते तीन घरांतून ऐकलं होतं, एकानेही कळवलं नाही. मिहोचा चेहरा उतरला. नेल्सन तेवढा आशेने आईकडे बघत होता, गाढव. मिस "बरं" म्हणाल्या, ताटं उचलली आणि बाहेर गेल्या. परत यायला त्यांना बराच वेळ लागला. मला वाटलं, मागच्या दारी जाऊन रडताहेत.

पाहुणे निघाले. गाडीवाला हॉर्न देत होता. ओटीवर येऊन बघतो तर बूट नाहीत. चारही जोड गायब! नेल्सन खुर्च्यांखाली वाकून बघतोय, मंदार कुत्र्याच्या मागे अंगणात धावतोय.

मिस दारात आल्या, हात पुसत. स्वच्छ, सेन्सेईंनी शंभर मार्क द्यावेत अशा जपानीत म्हणाल्या, "बूट आतल्या कपाटात आहेत. किल्ली माझ्याकडे आहे. घरी जाऊन कशाला? विचार इथेच करा. माझी काही घाई नाही."

नेल्सन पांढराफटक. वडील मोज्यांवर उभे, एकदा मिसकडे बघतात, एकदा गाडीकडे. मी मनात म्हटलं, संपलं. वर्षभराची मेहनत, मुलाचं लग्न, सगळं या बाईने कपाटात घालून कुलूप लावलं.

गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. वडील वळले, आत गेले आणि मघाच्याच खुर्चीत बसले. एक हात गुडघ्यावर, नजर समोर. दुसऱ्या हाताने त्यांनी उरलेला एक फुगा उचलला.

मिहोची आई सकाळपासून हसण्यापलीकडे काही बोलली नव्हती. ती हळूच मिसच्या शेजारी सरकली, नवऱ्याकडे पाठ केली आणि कुजबुजली, "इतक्यात किल्ली देऊ नका."