जेठांनी मोडून आणलेली फांदी

अंदमानला पाण्याखालची प्रवाळं बघायला आम्ही दोंडाईच्याहून गेलो होतो. मी, माझे मिस्टर, माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, आणि जाऊबाई. तोंडात धरायची नळी भाड्याची होती. तिचं रबर आधीच्या कुणीतरी चावून ठेवलेलं, आणि दातात धरताच तंबाखूचा वास आला. तरी मी डोकं पाण्यात घातलं. खाली जांभळ्या फांद्यांचं रान पसरलं होतं आणि त्यातून निळे मासे ये-जा करत होते. मी वास विसरले. तेवढ्यात आम्हाला पाण्यात नेणाऱ्या गाइडचं लक्ष नाही असं बघून जेठांनी एक फांदी मोडली आणि शर्टात कोंबली.

किनाऱ्यावर आल्यावर मी म्हटलं, "भाऊ, तो जिवंत जीव असतो."

ते हसले. "इतला मोठा समिंदर शे, एक तुकडाथीन काय व्हस?"

मिस्टर माझ्याकडे न बघता टॉवेल पिळत राहिले.

घरी बॅग उघडली तेव्हा कुजलेल्या मासळीचा भपकारा आला. फांदीचा रंग गेला होता आणि तिच्यातून सुटलेलं चिकट पाणी जाऊबाईंच्या कोऱ्या साडीत मुरलं होतं. साडी फेकून दिली. फांदी मात्र जेठांनी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून पांढरीफेक केली आणि बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवली. पाहुण्यांना ते ती कौतुकाने दाखवतात. मला तिथे बसवत नाही. चहा आला की मी कप घेऊन बाहेर ओट्यावर जाते.