तुला नाही झेपणार

अंधेरीच्या आमच्या जाहिरात कंपनीत एक ज्येष्ठ सहकारी माझ्या शेजारी बसतात. त्यांना साधं बोलता येत नाही, सगळं विकल्यासारखंच बोलतात. चहा पुढे करतानाही म्हणतात, "घे गं लवकर, अर्धा मजला यावर टपून बसलाय." मी नुसती हसते. जाहिरातीचं त्यांचं एक लाडकं तत्त्व आहे: "घ्या म्हटलं की गिऱ्हाईक मागे सरकतं. तुम्हाला नाही जमणार म्हण, धावत येतं बघ."

ऑफिस दुसरीकडे हलणार होतं आणि पार्किंगमधली एका डोळ्याची मांजर मागे राहणार होती. तिच्यासाठी घर शोधत ते सगळ्यांना विचारत फिरले, फक्त मला सोडून. शेवटच्या दिवशी न राहवून मीच विचारलं, "मिळालं का कोणी?"

"नाही ना यार. तुला काय विचारणार? तुला नाही झेपणार."

"का नाही झेपणार?" माझा आवाज एवढा चढला की चारजणांनी वळून पाहिलं.

त्यांनी शांतपणे टेबलाखालून मांजर न्यायची जाळीची पिशवी काढली. तिच्यावर माझं नाव आधीच लिहिलेलं होतं.