गुलाबरावांच्या नातवाचं बारसं आणि मलिहाची जोडणी

खामगावच्या शेतकरी कंपनीत मलिहा कामाला लागली, तेव्हा तिथल्या सॉफ्टवेअरचा पार गुंता झालेला. हवामानाचा अंदाज एका कंपनीकडून यायचा, मेसेज दुसरीकडून जायचे, सभासदांचे नंबर ऑफिसच्याच यंत्रणेत. एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी बोलायची सोय, तिला एपीआय म्हणतात. आधीच्यांनी ती सुचेल तशी, सुचेल तिथे ठोकून ठेवलेली. हवामानवाल्यांनी काही बदललं की इकडे कापसाचा भावच दिसेनासा व्हायचा.

त्या साली गुलाबी अळीनं बीटी कपाशीची बोंडं पोखरली. इशारे वेळेवर जायलाच हवे होते. मलिहानं सगळं उकलून प्रत्येक सेवेची एकच नीट जोडणी बांधली. पुढे कुठल्याही कामाला तीच वापरायची.

"म्हंजे नुसती लावली का झालं?" अध्यक्ष गुलाबरावांनी विचारलं.

"हाव काका."

गुलाबरावांनी ते फारच मनावर घेतलं. रविवारी मलिहा नसताना त्यांनी मेसेजची जोडणी लावून नातवाच्या बारशाचं आमंत्रण स्वतःच धाडलं. पाहुण्यांचे नंबर टाकायचे मात्र राहिले. नंबर नसले की जोडणी मुकाट्यानं सगळे सभासद धरायची, आणि खाली इशाऱ्याची ओळही चिकटवायची. मेसेज गेला: 'बारशाला सहकुटुंब यावे. प्रादुर्भाव दिसताच फवारणी करावी.'

गुरुवारी, बारशाच्या दिवशी, वडनेर भोलजी गावाहून टेम्पो भरभरून सभासद उतरले. एकाच्या पाठीवर चक्क फवारणीचा पंप.

"एवढे सोयरे कुठून आनले?" गुलाबरावांच्या रुक्मिणीबाई कडाडल्या.

मलिहा धावत आली. "काका, नंबर काऊन नाही टाकले?"

"तूच म्हने, नुसती लावा!"

मलिहा ओशाळली. नंबर नसताना जोडणीनं अडायला हवं होतं. ते तिच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिनं ओढणी खोचली आणि पिठल्याचं बेसन कालवायला बसली. वडनेरच्या बायांनी भाकरी थापल्या. पीक गेलेली माणसं कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली, पंपवाल्याची थट्टा करून खळखळून हसली.

दुसऱ्याच दिवशी मलिहानं जोडणीला आधी 'कोणाला?' विचारायला शिकवलं. त्या हंगामातले बाकीचे इशारे बिनचूक गेले. पुढे मोताळ्याच्या एका कंपनीनंही त्याच जोडण्या मागितल्या. बसवायला जाताना अब्बा, अब्दुल गनी, तिला गाडीवर सोडायला निघाले.

"बेटा, तू काय करतं म्हनून लोकाइले सांगू?"

"सांगा, जोडायचं काम करते."

"मंग वेल्डिंगच म्हन ना!" अब्बा म्हणाले, आणि खुशीत त्यांनी गाडी दामटली.