विहीणबाईंची मिरची

आमच्याकडे लग्नात विहिणींची पंगत बसली, की मुलीकडच्या बाया गाण्यातून त्यांची टिंगल करतात. पण जिचं गाणं झोंबलं, तिने उठून विहिणीच्या हातचा घास खायचा, असा घरोघरचा रिवाज. त्या वरण-बट्टीच्या घासात विहीण हिरवी मिरची दडवते. माझ्या मावशीने हयातभर अशा मिरच्या खाल्ल्या, पण जिभेला आवर काही घातला नाही.

परवा शिरपूरला पुतणीच्या लग्नात वहिनीने मोबाईलकडून गाणं लिहून घेतलं. विहीणबाई घोरतात, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं. मी कुरकुरले, तर म्हणाली, "कोणी का रचेना, लोक हसले म्हणजे झालं!"

आणि लोक हसले. यमकं चोख, चालही बसली. घोरण्याच्या कडव्याला तर वाढपीसुद्धा वाढायचं थांबून हसत राहिले. माझा मात्र तिळपापड होत होता, आणि गाणं चांगलं होतं म्हणून जास्तच होत होता.

विहीणबाईंनी शांतपणे बट्टी कुस्करली, तुपाचा घास कालवला, मिरची दडवली आणि विचारलं, "हाई गानं कोनी बनाडं?"

सगळ्या बायांनी वहिनीच्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवलं.

विहीणबाईंचा हात तसाच वर राहिला. "मंग मिरची कोनले चारू?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी पत्रावळीकडे. मग तिने मोबाईल खाली ठेवला, पदर खोचला आणि पुढे होऊन तोंड उघडलं.