जॅकेट जेरमूकला तीनदा जाऊन आलं होतं

अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर ॲल्फ्रेड अंकल राहतात. मूळचे वसईजवळच्या नंदाखालचे. गेली एकोणीस वर्षं ते रास अल खोरला मासळी-मटणाच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये सुपरवायझर आहेत. बाहेर पंचेचाळीस डिग्रीत डांबर मऊ होत असतं, तेव्हा हा माणूस उणे अठरात उभा राहून सुरमईचे खोके इकडून तिकडे लावून घेत असतो. त्यामुळे थंडीबद्दल बोलायचा अधिकार अख्ख्या बर दुबईत त्यांना एकट्यालाच आहे असं लोक मानतात. अंकलही मानतात. मी तीन वर्षं त्यांच्याकडे पेइंग गेस्ट आहे. आमच्या करमाळ्यात थंडी म्हणजे पहाटे कानाला मफलर आणि नऊ वाजता तो खांद्यावर, त्यामुळे मी या वादात पडत नाही.

कंपनी दर दोन वर्षांनी अंकलना फ्रीझरमध्ये घालायचं नवं जॅकेट देते. जुनं परत मागत नाही. भगव्या रंगाचं, चमकत्या पट्ट्यांचं, पाठीवर भला मोठा मासा. अंकल ते तीनदा डेटॉलमध्ये धुऊन कपाटात टांगायचे. मग तिसऱ्या मजल्यावरची सँड्रा जॉर्जियाला निघाली आणि म्हणाली, "अंकल, जॅकेट चारशे दिरहम सांगतायत, म्हणजे साडेनऊ हजार रुपये, चार दिवसांसाठी. वेडी का मी?" पहिलं जॅकेट तिच्याबरोबर गेलं. पुढे कायमचे चेन्नईला परत जाणारे लोक आपापली जॅकेटं अंकलकडे सोडून जाऊ लागले, कारण चेन्नईत त्यांचं काय करणार. आता कपाटात चौदा जॅकेटं आहेत आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे कॅथरीन आंटीच्या, साड्या माझ्या खोलीत आहेत.

भाडं नाही. एकच रिवाज आहे. जॅकेट परत करायला आलं की हॉलमध्ये बसायचं, चहा घ्यायचा आणि सगळं सांगायचं. नुसतं "मस्त होतं अंकल" चालत नाही. रस्ता कसा होता, बर्फ किती खोल, लिफ्टवर कोण होतं, सूपमध्ये काय होतं, सगळं. माणूस गेला की अंकल जॅकेटचे खिसे तपासतात. लिफ्टची तिकिटं, हॉटेलची काडेपेटी, कुठल्यातरी लिपीतलं बिल, एकदा अर्धा खाल्लेला अक्रोडाचा हलवा. ते सगळं बिस्किटांच्या निळ्या डब्यात जातं.

एवढ्या अभ्यासावर अंकल हळूहळू सल्ला देऊ लागले. नावाजलेल्या ठिकाणी कुणी निघालं की त्यांना वाईटच वाटायचं.

"जॉर्जियात गुडाउरीला कशाला? तिथं अर्धी शारजा भेटेल तुम्हाला. गोदेर्झीला जा. रस्ता खराब आहे, पण बर्फ बघा कसा."

"आर्मेनियात सगळे येरेवानजवळच थांबतात. तुम्ही आणखी तीन तास पुढे जा. जेरमूक. एकच लिफ्ट, रांग नाही. खाली गरम पाण्याचे नळ आहेत, प्यायचे. तिसऱ्या नळाचं प्या, शेवटच्याचं नको. आपलं जॅकेट नेलेल्या आभाला उलटी झाली होती."

लोक जायचे आणि सल्ला तंतोतंत बरोबर निघायचा. फक्त अंकलनी स्वतः आयुष्यात कधी बर्फ पाहिला नव्हता. म्हणजे फ्रीझरच्या दाराशी जमतो तो पाहिला होता, फावड्याने खरवडलाही होता. आभाळातून पडणारा नव्हे. त्यांची सगळी रजा दरवर्षी नंदाखालला जायची. एका वर्षी आईचं ऑपरेशन, एका वर्षी घराचं छप्पर, एका वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न. हे फक्त कॅथरीन आंटीला आणि मला ठाऊक होतं.

मग सप्टेंबरमध्ये राजाभाऊ आले. राजाभाऊ पुण्याचे, एका बांधकाम कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दोन इमारती सोडून राहतात, आणि इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं मत आल्याशिवाय कुठलाच विषय संपत नाही. ते दोन जॅकेटं मागायला आले होते. अंकलनी जेरमूकचे नळ सुरू केले. राजाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात, ॲल्फ्रेडराव?"

अंकल जॅकेटची घडी घालत होते. घडी जरा लांबली.

"झाली बरीच वर्षं," ते म्हणाले.

आंटी स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. सुरीचा आवाज थांबला.

"मग ठरलं," राजाभाऊ म्हणाले. "नाताळनंतर सगळेच जाऊ. सात सीटची व्हॅन करू. माणशी बावीसशे दिरहम, म्हणजे बावन्न हजार रुपये. तुमच्यासारखा माहितगार असताना गाइडचे पैसे कशाला घालवायचे?"

"माझी लीव्ह..." अंकल म्हणाले.

"बॅलन्स आहे त्याची," आंटी आतून म्हणाली. "बारा दिवस. आम्ही येतो, राजाभाऊ. सुजीतपण येईल." सुजीत म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

राजाभाऊ गेल्यावर अंकल सोफ्यावर बसले.

"कॅथी, तू काय केलंस हे?"

"चौदा वर्षं दुसऱ्यांचे बर्फ ऐकतेय मी या हॉलमध्ये. आता तुझा दाखव."

"ते विचारतील तुला."

"मी आपणहून काही बोलणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटंपण बोलणार नाही. नाताळचे दिवस आहेत."

अंकलचं काय पणाला लागलं होतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. कंपनीत ते सुरमईवाले सुपरवायझर, बस. पण संध्याकाळी घरी इंजिनिअर, बँकवाले, नर्सा त्यांच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "अंकल, आम्ही कुठे जावं?" राजाभाऊंनी ग्रुपवर एक ओळ टाकली असती, तर चौदा जॅकेटं म्हणजे नुसती चौदा जॅकेटं उरली असती. लोकांनी ती नेलीही असती. बसलं मात्र कुणी नसतं.

तयारी म्हणून अंकलनी जहूरला गाठलं. जहूर त्यांच्याकडे फोर्कलिफ्ट चालवतो. राहतो मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पमध्ये, एका खोलीत सहा जण. तो पाकिस्तानातल्या स्वातचा आहे. त्याच्या गावाच्या वर मालम जब्बा म्हणून स्कीचं ठिकाण आहे आणि तो लहानपणी तिथे लाकडी फळ्यांवरून घसरत असे. म्हणजे अंकलच्या ओळखीत बर्फात वाढलेला हा एकच माणूस, आणि त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. विचारून उपयोगही नव्हता म्हणा. आपल्या पासपोर्टवर मालम जब्बाला जाण्यापेक्षा चंद्रावर जाणं सोपं.

"बर्फ गिरती है तो कैसा लगता है?" अंकलनी विचारलं.

जहूरने विचार केला. "कुछ नहीं लगता साहब. आवाज़ बंद हो जाती है."

"बस?"

"और क्या चाहिए."

अंकलना हे उत्तर आवडलं नाही. यात लिफ्ट नव्हती, सूप नव्हतं.

सव्वीस डिसेंबरला आम्ही निघालो. राजाभाऊ, त्यांच्या पत्नी छायाताई, अंकल, आंटी, त्यांची चौदा वर्षांची शेनॉन, आणि मी. अंकलनी स्वतःसाठी सगळ्यात जुनं, माशाचं जॅकेट घेतलं. चांगली पाहुण्यांना द्यायची सवय.

येरेवानहून व्हॅन निघाली तसे राजाभाऊ परीक्षा घेऊ लागले. पण अंकल पाठ करून आले होते. "आता रस्त्याकडेला वाइनचे स्टॉल येतील. पेप्सीच्या बाटलीत भरून ठेवलेली असते, कुणी हात लावू नका." आले स्टॉल. "छायाताई, तुम्ही आता पुढे बसा, वळणं सुरू होतील." झाली वळणं. राजाभाऊ माझ्या कानात म्हणाले, "माणूस कसला तयारीचा आहे बघ." आंटी खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

गावात शिरलो तर दोन्ही बाजूंना पांढरंच पांढरं. अंकल डोळे बारीक करून त्याच्याकडे असं पाहत होते, जणू मालाची गाडी लेट झालीय. मग नळांची जागा आली. खांबांची लांब ओसरी, दगडी भांड्यांतून वाहणारं कोमट ते कढत पाणी. अंकलनी सगळ्यांना तिसऱ्यापाशी नेलं. राजाभाऊंनी मुद्दाम शेवटच्याचं प्यायलं, आणि थोड्या वेळाने ओसरीच्या मागे जाऊन आले. अंकलची किंमत आणखी वाढली.

घोटाळा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. नाश्त्याला राजाभाऊ म्हणाले, "तो लिफ्टवरचा म्हातारा तुमचा दोस्त ना? चहा पाजला होता म्हणालात. चला, भेटू."

चहा त्याने आभाला पाजला होता. गोष्ट सांगता सांगता कधीतरी तो अंकलनी पिऊन टाकला होता.

"रिटायर झाला असेल," अंकल म्हणाले.

"बघू तर खरं."

"डॅडी, व्हाय आर यू वॉकिंग सो स्लो?" शेनॉनने विचारलं.

"गुडघा दुखतोय, बाळा."

लिफ्ट म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी एक खोपट आणि वर चढत जाणाऱ्या लोखंडी खुर्च्या. खोपटात खरोखर एक म्हातारा होता. पांढऱ्या मिशा, कानांवर टोपी. अंकल आमच्या मागे, आंटीच्या आडोशाला. राजाभाऊंनी त्यांचा दंड धरून पुढे ओढलं. "हं, ओळखतात का बघू."

म्हाताऱ्याने अंकलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा तसाच कोरा. मग नजर खाली आली, भगव्यावर, पट्ट्यांवर. त्याने अंकलचा खांदा धरून त्यांना गर्रकन फिरवलं, पाठीवरचा मासा पाहिला आणि तोंडभर हसला.

"दुबई!" तो म्हणाला. "दुबई, दुबई!" आणि माशावर धपाधप थापा मारून अंकलना मिठीत घेतलं.

ते जॅकेट जेरमूकला तीनदा जाऊन आलं होतं. आत माणूस कुठला आहे याच्याशी म्हाताऱ्याला घेणं नव्हतं. त्याने आत जाऊन चहा आणला, आणि अंकलनी तो, पहिल्यांदाच, प्यायला.

"वा," राजाभाऊ म्हणाले. "मला तर आमच्या सोसायटीचा वॉचमनपण ओळखत नाही."

पुढे तर कहरच. खोपटापासून खुर्च्यांपर्यंतची वाट गोठून काच झालेली. राजाभाऊ तिसऱ्या पावलाला बसले. छायाताई त्यांना उठवायला गेल्या आणि शेजारी बसल्या. मी दोघांच्या वरून गेलो. शेनॉनचा फोन एकीकडे, शेनॉन एकीकडे. अंकल मात्र गुडघे किंचित वाकवून, पाय न उचलता, बदकासारखे सरळ चालत गेले. फ्रीझरच्या दाराशी एकोणीस वर्षं लोक असेच चालतात, नाहीतर खोक्यांसकट आडवे होतात. त्यांना त्यात काही विशेष वाटलंही नाही. परत येऊन त्यांनी आम्हाला एकेकाला उचललं आणि खुर्चीत बसवलं.

"ह्याला म्हणतात अनुभव," राजाभाऊ कंबर चोळत म्हणाले. "आणि आम्ही विचारतोय, कधी गेला होतात म्हणून. चुकलं आमचं."

आता अंकलना काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी जन्माचं काम झालं होतं.

वर पोचलो तेव्हा आभाळ खाली आलं होतं. वारा पडला. आणि मग काहीही न सांगता बर्फ पडायला लागला. मोठे मोठे कण, सावकाश, कुठे जायची घाई नसलेले. राजाभाऊंनी व्हिडिओ सुरू केला. "ॲल्फ्रेडराव, दोन शब्द बोला. एक्स्पर्ट म्हणून."

अंकलनी कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. तोंड उघडं, बाही पुढे धरलेली, बाहीवर पडलेल्या कणाकडे पाहत उभे. फ्रीझरमध्ये पंखे चोवीस तास घोंघावत असतात. तिथे थंडी आणि आवाज एकच असतात. इथे एवढी थंडी आणि आवाजच नाही. त्यांनी एकदा कानावर हात ठेवून काढला, जसं काही कानच बिघडलाय.

"अहो, काय झालं? कधी पाहिला नाही का बर्फ?" राजाभाऊ चेष्टेने म्हणाले. कॅमेरा चालूच होता.

"नाही," अंकल म्हणाले.

"काय नाही?"

"नाही पाहिला. पहिल्यांदा पाहतोय. मी इथं कधीच आलो नव्हतो, राजाभाऊ. कुठंच गेलो नव्हतो. जॅकेटं जायची. मी खिसे बघायचो."

राजाभाऊंनी फोन खाली घेतला. मग राजाभाऊ हसायला लागले. इतके की पुन्हा पडले. "छाया, ऐकलंस? काय माणूस आहे. चेहरा बघ त्याचा, एक रेष हलत नाही. वहिनी, तुम्हीच सांगा आता."

विचारलं होतं. आंटीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या भुवयांवर बर्फ साचला होता.

"खरं बोलतोय तो," ती म्हणाली.

"घ्या. दोघं मिळून पुणेकराची फिरकी घेतायत."

"फिरकी नाही, राजाभाऊ," अंकल म्हणाले.

"पुरे हो. खाली म्हातारा मिठ्या मारतोय, वर हे म्हणतायत पहिल्यांदा आलो. एवढा विनय बरा नव्हे."

अंकलनी आणखी एकदा सांगून पाहिलं, उतरताना. मग सोडून दिलं. एकोणीस वर्षांत एक खोटं बोलले, ते तीन महिन्यांत पचलं. खरं मात्र तीनदा सांगूनही कुणाच्या गळी उतरेना.

परत आल्यावर रविवारी राजाभाऊ जॅकेटं द्यायला आले. आंटीने चहा ठेवला.

"सांगा," अंकल म्हणाले.

"काय सांगू? तुम्ही होतात की तिथं."

"तरी. रिवाज आहे."

राजाभाऊंनी तासभर सांगितलं. त्यात बर्फ कंबरेपर्यंत आला होता आणि अंकल टेकडीवरून एका पायावर घसरत खाली आले होते. अंकल पुढे सरकून, कप हातात तसाच धरून ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "मग?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी जहूरला एवढंच सांगितलं, "आवाज़ बंद हो जाती है." जहूर म्हणाला, "बोला था," आणि फोर्कलिफ्ट मागे घेतली.

परवा वीणा म्हणून कुणी बाईंचा फोन आला, ग्रुपवरून नंबर मिळाला म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता.

"तुम्ही जेरमूकला दरवर्षी जाता ना?"

"एकदाच गेलोय," अंकल म्हणाले. "चार दिवस. त्याआधी कधीच नाही. बाकी सगळं मी लोकांकडून ऐकलेलं आहे."

पलीकडून हसू ऐकू आलं.

"राजाभाऊ म्हणालेच होते, तुम्ही असंच सांगाल," वीणाताई म्हणाल्या. "बरं, दोन हवीत. एक मीडियम. आणि माशाचं असेल तर ते द्या, त्यावर चहा मिळतो म्हणे."